मेंढराचं कार्ड

सोमवार, २ सप्टेंबर

चष्म्याच्या काडीचा स्क्रू चिमट्यात धरला होता, तेवढ्यात पोस्टमनने पाकीट काउंटरवर आपटलं. स्क्रू उडाला. अर्धा तास गुडघ्यांवर बसून शोधला, मिळाला नाही. मग पाकीट फोडलं. आत माझीच सुवार्तेची तीन पत्रकं, मागच्या पत्राबरोबर पाठवलेली, घडीसुद्धा न मोडलेली. सोबत लेकीची चिठ्ठी: "बाबा, पत्र लिहायचं तर लिहा, आईला वाचून दाखवू. पत्रकं वाचून दाखवणार नाही. आणि फोन करू नका. फोननंतर ती रडते, मग डोळ्यात घातलेलं औषध टिकत नाही."

दाखवू म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही. पण लेक सकाळी सातला घर सोडते. म्हणजे वाचणार जावईबुवा. मी तुला लिहायचं, ते आधी त्यांच्या नजरेखालून जायचं आणि मग त्यांच्या आवाजात तुझ्या कानावर पडायचं. ते रेडिओवर बातम्या वाचतात. माझी पत्रंही धरणाच्या पाणीपातळीसारखी वाचत असतील. नमस्कार, जावईबुवा. हेही वाचा.

वर तुला काय म्हणावं सुचलं नाही, म्हणून मायना नाही. एकतीस वर्षं 'अगं' म्हणत आलो. कागदावर 'अगं' लिहिलं की वाटतं पुढे काहीतरी मागायचं आहे.

पाच आठवडे झाले. लेक आली, तुला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेली आणि तिथून परस्पर तिच्या घरी. एक पिशवी घेऊन गेलीस. चर्चच्या मंडळीत सगळे विचारतात. मी सांगतो, लेकीकडे गेली आहे, मदतीला. हे खोटं नाही. कोण कोणाला मदत करतंय, एवढंच सांगत नाही.

परवा पाळकसाहेब दुकानात आले होते. बाकावर बसले, आपलं वाचायचं कार्ड हातात घेतलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली याला. दुसऱ्या कोणी असा विचार केला नसता. लोक डोळे तपासायला येतात आणि सुवार्ता वाचून जातात." महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी उपासनेत साक्ष द्यायची, असं ठरवून आले होते. आणि कार्डाच्या दोनशे प्रती छापून गावातल्या बाकीच्या चष्मेवाल्यांना वाटायच्या. मी हो म्हणालो. का नाही म्हणायचं?

तू केव्हा येणार, ते कळव. त्या रविवारी तू पहिल्या बाकावर असायला हवीस.

रविवार, ८ सप्टेंबर

आज बी पेरणाऱ्यावर प्रवचन होतं. बसल्या बसल्या मनात मोजलं, माझ्यामुळे किती जण आले. एक निवृत्त कारकून तीन रविवार आला होता. चौथ्या रविवारी त्याने फ्रेमवर सवलत मागितली. मी दिली नाही, पाचव्या रविवारी तो आला नाही. बस. वाटेवर, खडकावर, काट्यांत, सगळीकडे पेरून झालं. चांगली जमीन आपल्या गल्लीत नसावी.

तुला वाटेल हा पुन्हा सुरू झाला. झालोच आहे. तुझ्याशिवाय ऐकायला कोण आहे? शेजारचा शिंपी. तो रोज अकराला येऊन बाकावर बसतो आणि माझा पेपर वाचतो, हे तुला ठाऊक आहे. काल मी त्याला म्हटलं, "उद्या उपासनेला या."

"उद्या दुकान असतं."

"रविवारी तुमचं दुकान बंद असतं."

"म्हणून तर झोप असते."

"अकरा वर्षं सांगतोय मी."

"अकरा वर्षं मीही सांगतोय, तुमची पँट टाचेखाली येते, माझ्याकडे द्या. दिलीत का?"

अशा माणसाला काय सांगायचं?

साक्षीसाठी कार्डाची गोष्ट लिहून काढतोय. लोकांना ती नीट माहीत नाही. भिंगांच्या कंपनीकडून जवळचं वाचायचं कार्ड यायचं. त्यात मधमाश्यांविषयी काहीतरी होतं. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. एक दिवस मला वाटलं, माणूस जन्मात एवढं लक्ष देऊन दुसरं काही वाचत नाही. एकेक अक्षर उच्चारतो. मग मधमाश्या कशाला? तू म्हणालीस, हरवलेल्या मेंढराचं घाला. उतारा तू निवडलास, हे मी साक्षीत सांगणार आहे. सहा आकारांची अक्षरं बसवायला मुद्रकाला दोन दिवस लागले. शंभर मेंढरं सगळ्यांत मोठ्या अक्षरात. मग एक हरवतं. मग नव्याण्णवांना रानात सोडून मेंढपाळ निघतो. अक्षर लहान होत जातं. आणि सगळ्यांत बारीक ओळीत त्याला ते सापडतं, तो ते खांद्यावर घेतो. ज्याला शेवटपर्यंत दिसतं, त्यालाच आनंद कळतो. ही युक्ती माझी होती.

शिंप्याला हे सांगितलं तर पेपर न खाली घेता म्हणतो, "म्हणजे ज्याचे डोळे गेले, त्याचं मेंढरू हरवलेलंच?"

थट्टेला उत्तर द्यायचं नसतं.

तुझं काही आलं नाही. जावईबुवांना लिहिता येतं, असं ऐकून आहे.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

तुझं पत्र आलं. अक्षर त्यांचं, सुवाच्य. दोनदा वाचलं. तू काय सांगितलंस आणि त्यांनी काय लिहिलं, यात फरक नसेल असं धरून मी ते इथे उतरवतो. पुढेमागे असं नव्हतं म्हणायला नको.

"पत्रं ऐकली. जावई नीट वाचतात, पाणीपातळीसारखं नाही. पत्रात दुकान आहे, मंडळी आहे, शिंपी आहे. माझ्या डोळ्यांचं एक वाक्य नाही. म्हणून मी सांगते. उजव्या डोळ्याला मधोमध काही नाही. राखेचा गोळा ठेवल्यासारखं आहे. डाव्याला कडेकडेचं दिसतं. पडद्याचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असता तर इंजेक्शनांनी थांबवता आलं असतं. दर मार्चमध्ये तुम्ही माझे डोळे तपासलेत. मी कार्ड वाचत नव्हते, म्हणत होते. भिंतीवरचा तक्ता तर रोज पुसून पाठच होता. लपवलं, ते माझं चुकलं. का लपवलं, ते तुम्हाला कळायला हवं. बाकावर नेहमी कोणीतरी बसलेलं असायचं. चष्मेवाल्याची बायको त्या कार्डावर अडखळली असती तर तुमचं कार्ड कोणी धरलं असतं? आणि तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. समोर कोण ऐकतंय, ते बघत होता. म्हणून सोपं गेलं. आता एकच विचारते. मी पाठ म्हणायला लागले त्या पहिल्या वर्षी तुम्हाला कळलं होतं का? हो की नाही, एवढंच लिहा. ते ऐकून यायचं की नाही, ते ठरवीन."

खाली लहान अक्षरात: "आईंनी सांगितलं तसं लिहिलं. माझं त्यात काही नाही."

उत्तर: नाही.

झालं? आता माझंही ऐक. एकतीस वर्षं एका घरात राहून तू मला फसवलंस आणि वर मलाच विचारतेस, कळलं होतं का? मला भिंगांतलं कळतं. पडदा डॉक्टर बघतात, मी बघत नाही, माझ्याकडे ते यंत्र नाही. समोरचा माणूस घडाघडा वाचतो तेव्हा मी लिहितो, दिसतं. दुसरं काय लिहायचं? आणि बाकावरच्या माणसाकडे मी बघत होतो, तर काय चूक केली? त्याच्यासाठीच तर कार्ड होतं. तूच म्हणायचीस, वचन रिकामं परत येत नाही. सव्वीस वर्षं रिकामं परत येतंय, ते मी एकट्याने सोसलंय.

काल लेकीने दुकानात फोन केला. ती करते ते चालतं. मी म्हटलं, तुझ्या आईसाठी रोज प्रार्थना करतोय. ती म्हणाली, "बाबा, जगाच्या आत्म्याची काळजी करता. समोर बसलेल्या बाईचा डोळा पाच मिनिटं बघायचा होता. पाच मिनिटं." आणि ठेवून दिला.

तिच्या लग्नाच्या दिवशी मी जावईबुवांच्या हातात पुस्तिका ठेवली होती, ते तिने अजून मनात ठेवलंय. जावईबुवा, तुम्हीही ठेवलंय का? वाचली का कधी?

गुरुवार, १९ सप्टेंबर

सकाळी चहात मीठ पडलं.

आपले सगळे डबे सारखे आहेत, हे मला या महिन्यात कळलं. मागच्या आठवड्यात ते धुताना त्यांना गुंडाळलेले रबर काढून खिडकीत ठेवले होते. मला वाटलं होतं झाकणं सैल झाली असतील. आज खारट चहा ओतून दिला आणि ते रबर उचलले. आठवून पाहिलं. साखरेला एक होता. मिठाला दोन. चहापत्तीला नव्हता.

उचलताना दोन तुटले. मोडले म्हणायला हवं, वाळक्या काडीसारखे. आणि ते निळे होते. भिंगांच्या पाकिटांना लावायला दुकानात निळे रबर यायचे, तेव्हाचे. ते येणं बंद होऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर लाल येतात.

स्वयंपाकघरात उभा राहून मग एकेक बघत गेलो. गॅसच्या बटणावर, बंद असतं त्या बाजूला, कापडाची बारीक पट्टी चिकटवलेली. औषधाच्या एका बाटलीला दोरा. माझ्या इस्त्रीच्या शर्टांच्या कॉलरमागे टाका घातलेला, पांढऱ्याला एक, निळ्याला दोन. मी ते शर्ट दोन वर्षं घालतोय.

कापडाची पट्टी ओळखीची वाटली म्हणून शिंप्याकडे गेलो.

"वहिनींनी मागून नेली होती," तो म्हणाला. "कशाला विचारलं तर म्हणाल्या, हाताला कळायला हवं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्याने दोरा दातांनी तोडला. "तुम्ही बोलत होता."

"कधी?"

"कधी नव्हता?"

तू माझ्या कानाकडे बघून बोलायचीस. कितीतरी महिने. मला वाटायचं रुसली आहेस. मी लेकीला म्हटलंसुद्धा होतं, तुझी आई हल्ली नजरेला नजर देत नाही. ज्याच्या डोळ्याच्या मधोमध दिसत नाही, तो माणूस कडेने बघतो. हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगतो.

दुपारी मुद्रकाकडून कार्डाचा नमुना आला. तपासून सही करून पाठवायचा आहे. भिंग लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. खांद्यावर घेतो, पूर्णविराम. खाली नखाएवढी जागा कोरी आहे. सही केली नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

जावईबुवा, हे पत्र तुम्ही मध्ये न थांबता वाचा. पाणीपातळीबद्दल लिहिलं होतं, ते मागे घेतो. पण हे मात्र तसंच वाचा, बातमीसारखं. माझ्या आवाजात असतं तर मी कुठेतरी वळवलं असतं.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. मंगळवार. तू खुर्चीत बसलीस, मी तपासणीची फ्रेम तुझ्या नाकावर ठेवली, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती घातली, हातात कार्ड दिलं. बाकावर शिंपी होता, पेपरमागे. तू सुरुवात केलीस. शंभर मेंढरं. एक हरवलं. तुझा आवाज तेव्हा दुकानभर होता. तू वाचायचीस तेव्हा मला नेहमी वाटायचं, मी सांगतो त्यापेक्षा हे चांगलं पोचतं. तू खांद्यापर्यंत आलीस. कार्ड तिथे संपतं.

तू थांबली नाहीस. तो घरी येतो, मित्रांना आणि शेजाऱ्यांना एकत्र बोलावतो, माझ्याबरोबर आनंद करा म्हणतो. तू तेही म्हणालीस, त्याच चालीत, कार्ड डोळ्यांसमोर धरून. ते कार्डावर नाही. शास्त्रात आहे, कार्डावर नाही. जागा पुरत नव्हती म्हणून मुद्रकाने विचारलं होतं, आणि शेजारी मीच काढायला लावले होते.

हातातल्या कार्डावर नसलेली ओळ जो वाचतो, तो वाचत नाही. चष्मेवाल्याला हे कळायला एक क्षण लागतो. मला तेवढाच लागला.

मी तुझ्याकडे वळलो होतो. तेवढ्यात शिंप्याने पेपर खाली घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "सगळ्यांनी आनंद केला. मेंढराला कोणी विचारलं का, कसं आहेस?" थट्टाच होती. पण प्रश्न होता. मला वाटलं, आज उघडलं दार. मी त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसलो आणि बोलायला लागलो. अर्धा तास तरी बोललो असेन. तू खुर्चीत होतीस. फ्रेम तुझ्या नाकावर तशीच होती, एका डोळ्यावर काळी चकती. मग शिंप्याच्या दुकानात कोणी आलं, तो उठून गेला. मी तुझी फ्रेम काढली आणि वहीत जुनाच नंबर पुन्हा लिहिला. मनात म्हटलं, उद्या नीट बघू.

उद्या बघितलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये मी कान देऊन ऐकत होतो. तू बरोबर खांद्यावर थांबलीस. तुला कुठे थांबायचं ते कळलं होतं. आणि मला हायसं वाटलं. मी ठरवून टाकलं की आदल्या वर्षी मला भास झाला असणार. यंदाच्या मार्चमध्ये तर मी ऐकतही नव्हतो.

तू विचारलंस, कळलं होतं का. आठ दिवसांपूर्वी मी 'नाही' लिहिलं. उत्तर हो आहे.

का, तेही लिहितो, म्हणजे तुला विचारावं लागणार नाही. तू वाचत नव्हतीस, असं त्या क्षणी म्हणालो असतो तर शिंप्यासमोर सगळं मोडलं असतं. त्याने पेपर पुन्हा वर घेतला असता. मला तो एक माणूस हवा होता. वाटत होतं, एक तरी. तो माझ्या हिशेबी हरवलेला होता आणि तू नव्हतीस. तू घरातली होतीस. नव्याण्णवांतली.

मी अजून मानतो की त्या मेंढपाळाची गोष्ट खरी आहे. ती लोकांना सांगावी असंही मानतो. फक्त तो रानात जाऊन शोधतो. कुठे कार्ड धरून बसत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

साक्ष द्यायची आहे तर हीच देईन. पाळकसाहेबांना सांगितलं, कार्डं छापू नका. ते म्हणाले, "रविवारी बोला, मग बघू."

बाकी काही नाही. यायचं की नाही, ते तू ठरव.

रविवार, २९ सप्टेंबर

तुझं काही आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो.

साक्ष दिली. लिहून नेली होती, दीड पान. तुला पाठवलं तेच, शिंप्याचं जरा कमी केलं. मी म्हणालो, माझ्या बायकोची दृष्टी जात होती, मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. मी म्हणालो, ते कार्ड खाली ठेवलंय. एवढं बोलून कागदाची घडी घातली.

पाळकसाहेब उठले. माईक घेतला. म्हणाले, "ऐकलंत? आपल्या बहिणीची दृष्टी गेली, पण वचन गेलं नाही. डोळ्यांना अंधार, आणि मुखात वचन. किती जणांना एवढं पाठ आहे?" सगळे आमेन म्हणाले. मी म्हणालो, "मी तसं नाही म्हणालो." पण माईक त्यांच्याकडे होता, आणि गीत सुरू झालं होतं.

दाराशी रांग लागली. सव्वीस वर्षांत माझा हात एवढ्या लोकांनी कधी धरला नव्हता. शाळेतल्या जुन्या बाई रडत होत्या. म्हणाल्या, "धन्य ती."

मी म्हटलं, "बाई, तिचा डोळा माझ्यामुळे गेला."

"प्रभूची योजना असते."

"योजना नव्हती. मी आळस केला. खोटं लिहिलं."

"किती नम्र आहात," त्या म्हणाल्या आणि मागच्याला जागा दिली.

आता दोनशे नाही, पाचशे छापायची आहेत. मागच्या बाजूला तुझी साक्ष घालायची म्हणतात. पाळकसाहेबांना मी पायरीवर गाठलं. म्हटलं, पाचशे दुकानांत पाचशे बायका पाठ म्हणतील, आणि कोणी बघणार नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही थकलात. एकटे आहात सध्या." सव्वीस वर्षं मी बोलत होतो, कोणी ऐकत नव्हतं. आज सगळे ऐकायला उभे होते, आणि मी एका माणसाला दोन वाक्यं समजावून सांगू शकलो नाही.

भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. भिंत चर्चची होती.

सही न केलेला नमुना माझ्या खिशात आहे. सहीशिवाय मुद्रक छापत नाही, एवढं त्याचं चांगलं आहे. कार्डाची अक्षरं माझ्या नावावर बसवलेली आहेत, ती मोडून टाक म्हणून त्याला चिठ्ठी लिहिली, सकाळी देईन. इस्पितळातून आकड्यांचं कार्ड मागून आणलंय. नुसते आकडे, कशालाही धरून नसलेले. सात, दोन, नऊ, तीन. त्यात पाठ होण्यासारखं काही नाही.

हे पत्र उद्या टाकतो.

सोमवार, ३० सप्टेंबर, दुपार

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून खाली लिहितो.

दुकान उघडत होतो तेव्हा जावईबुवांचा फोन आला. म्हणाले, "आईंनी शनिवारचं पत्र दोनदा वाचायला लावलं. चार दिवस काही बोलल्या नाहीत. आज म्हणाल्या, फोन करा. म्हणाल्या, डब्यांना नवे रबर लावून ठेवायला सांगा."

मी विचारलं, "कधी येते म्हणाली?"

"तेवढंच सांगितलंय." मग म्हणाले, "पुस्तिका वाचली होती मी. लग्नाच्या आधी. तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगतो."

बरं म्हणालो.

अकराला शिंपी आला. पेपर उचलायच्या आधी त्याला खुर्चीत बसवलं. तो कुरकुरला, पण बसला. आकड्यांचं कार्ड हातात दिलं.

"हे काय? माझं मेंढरू कुठंय?"

"ते तुम्हाला पाठ आहे."

"आहे की. पार शेजाऱ्यांपर्यंत. म्हणू?"

"नंतर म्हणा. आधी हे वाचा."

पहिली ओळ वाचली. दुसरीत दोन आकडे चुकले. तिसरीवर त्याने कार्ड लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

"इथे छापलंय का काही?"

तो तीन वर्षं मी दिलेल्या त्याच नंबरवर सुई ओवतोय. मी शटर ओढलं आणि त्याला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन आलो. मुद्रकाला चिठ्ठी वाटेत दिली. आता आत त्याचे डोळे तपासतायत, मी बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. परवा शेवटी त्याच्याकडे दिलेली माझी पँट त्याने पिशवीत घालून बरोबर आणली आहे, टाचेची खूण करून.

रबरही वाटेत घेतले. निळे मिळाले नाहीत. लाल घेतलेत.